मी रेफरी असते तर : 'टायटन'च्या एका पानाचं वाचन

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रकार हमखास असतो. समोर एक छोटा पेपर ठेवतात, पंधरा मिनिटं देतात आणि विचारतात, 'यात तुम्हाला काय खटकलं?' आपल्यापैकी बहुतेक जण एकच उत्तर देतात, 'सॅम्पल साइज लहान आहे.' मीही तेच दिलं होतं. समितीतल्या मॅडम म्हणाल्या, 'हे तर कुठल्याही पेपरबद्दल म्हणता येईल. या पेपरबद्दल बोला ना.' त्यावर मी गप्प.

तेव्हा आज सरावासाठी मुद्दाम पेपर सोडून दुसरंच लिखाण घेतलंय. एका खासगी कंपनीनं फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेलं छोटंसं टिपण. कंपनी ओशनगेट. टिपणाचा विषय, आमच्या 'टायटन' पाणबुडीचं आम्ही क्लासिंग का करून घेतलं नाही. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे जाताना टायटन पाण्याच्या दाबानं आत चिरडली गेली. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, फ्रेंच सागरतज्ज्ञ पॉल-आंरी नार्जोले, हॅमिश हार्डिंग, शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान असे पाच जण त्यात गेले.

आता शेवट माहीत असताना टीका करणं फार सोपं. त्यात शिकण्यासारखंही काही नाही. म्हणून एक नियम घालून घेऊ. पहिल्या भागात फेब्रुवारी २०१९ नंतरचं काही वापरायचं नाही. हे टिपण तेव्हा आपल्या टेबलावर रेफरी म्हणून आलं असतं, तर आपल्याला काय दिसलं असतं, एवढंच पाहायचं.

त्याआधी थोडं भौतिकशास्त्र. ते टाळून टीका करायला गेलात की 'सॅम्पल साइज लहान' इथेच पोचाल.

टायटन काटेकोरपणे पाहिलं तर पाणबुडी नव्हे, सबमर्सिबल. नौदलाची पाणबुडी बंदरातून स्वतःच्या बळावर निघते आणि परत येते. सबमर्सिबलला जहाजावरून नेऊन पाण्यात सोडावं लागतं. बोलताना आपण दोन्हीला पाणबुडीच म्हणतो, मीही तसंच म्हणणार आहे. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. टायटॅनिक आहे सुमारे ३,८०० मीटरवर. म्हणजे कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे ३९० किलोचा भार. अंगठ्याच्या नखावर दोन बुलेट मोटारसायकली उभ्या आहेत असं समजा, आणि अशी नखं सगळ्या अंगभर.

या दाबाला सगळ्यात चांगला आकार म्हणजे गोल. दाब सगळीकडून सारखा येतो, गोल तो सगळीकडे सारखा वाटून घेतो. १९६४ पासून चालू असलेली अमेरिकेची 'अल्विन' घ्या किंवा चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य ६०००' घ्या, माणसं बसतात ती गोळ्यातच. अडचण अशी की गोळ्यात दोन-तीन माणसं मावतात. ओशनगेटला पाच बसवायची होती, कारण त्यातली बरीचशी पैसे देऊन येणारी होती. म्हणून त्यांनी नळकांड्याचा आकार घेतला. त्रिज्या आणि जाडी तीच ठेवली, तर नळकांड्याच्या भिंतीतलं प्रतिबल गोळ्याच्या दुप्पट होतं. हे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचं गणित आहे, स्वतः करून बघा.

आणि साहित्य? कार्बन फायबर. सुमारे १२.७ सेंटीमीटर जाडीचं नळकांडं, दोन्ही टोकांना टायटेनियमच्या कड्या चिकटवलेल्या आणि त्यांवर टायटेनियमचे अर्धगोल. कार्बन फायबर हलकं असतं. हलकं कवच म्हणजे तरंगण्यासाठी वेगळा फोम कमी, म्हणजे पाणबुडी लहान, म्हणजे वर लागणारं जहाजही स्वस्त. हा विचार मूर्खपणाचा नाही, हे आधी मान्य करू. पण विहिरीवरचा दोर आठवा. दोरानं बादली ओढता येते, ढकलता येत नाही. फायबर ताणाला जबरदस्त असतं. दाबाला मात्र सगळी भिस्त फायबरच्या आजूबाजूच्या रेझिनवर आणि फायबर किती सरळ आहे यावर येते. थरात एक बारीकशी सुरकुती राहिली, पोकळी राहिली, की दाबाखाली तिथेच वाकायला सुरुवात होते.

आता क्लासिंग. जहाजाचं किंवा पाणबुडीचं डिझाइन, साहित्य, जोडणी आणि चाचण्या बाहेरच्या एखाद्या संस्थेनं तपासून 'हे आमच्या नियमांत बसतं' असं प्रमाणित करायचं. नॉर्वेची डीएनव्ही, अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंग, लॉइड्स रजिस्टर या त्यातल्या मोठ्या संस्था. अशी एक आपल्या पवईतही आहे, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. आपल्या जगात याला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे पीअर रिव्ह्यू. तितकीच कंटाळवाणी आणि तितकीच सदोष.

चला, टिपण उघडू.

पहिला युक्तिवाद असा. बहुसंख्य सागरी आणि विमान अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात, यंत्राच्या बिघाडामुळे नाही. क्लासिंग फक्त यंत्र तपासतं. मग ते सुरक्षिततेला पुरेसं नाही. आम्ही त्याऐवजी चालवण्याच्या पद्धतीवर लक्ष देतो.

पहिल्या वाचनात पटतं की नाही? मला पटलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य खरंही आहे. गडबड कुठे आहे ते शोधायला दोन मिनिटं थांबा, मग पुढे वाचा.

यंत्राच्या बिघाडानं अपघात कमी का होतात? कारण ती विमानं आणि जहाजं प्रमाणित झालेली असतात. म्हणजे ज्या आकडेवारीच्या आधारावर प्रमाणपत्र अनावश्यक ठरवायचंय, ती आकडेवारी प्रमाणपत्रानंच तयार केलेली आहे. गावातल्या सगळ्या मुलांना गोवराची लस दिलीय, गोवरानं कुणी दगावत नाही, मग लस कशाला, असं म्हणण्यासारखं हे आहे. संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर निष्कर्ष ज्या समूहाला लावायचाय तो समूह आणि आकडे जिथून आणले तो समूह वेगवेगळे आहेत. आकडे प्रमाणित, धातूच्या, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या वाहनांचे. निष्कर्ष मात्र अप्रमाणित, कार्बन फायबरच्या, जगात एकमेव असलेल्या वाहनाबद्दल. इथे सॅम्पल साइज कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. मुलाखतीत हे बोलता आलं पाहिजे, की आकडे किती आहेत यापेक्षा कुणाचे आहेत.

इथे माझाच नियम थोडा मोडते, कारण राहवत नाही. हे टिपण आल्यावर चारेक महिन्यांनी स्मिथसोनियन मासिकात रश यांच्यावर लेख आला. त्यात ते स्वतःच म्हणतात की या व्यवसायात पस्तीसेक वर्षांत कुणाला इजा झालेली नाही, तो कमालीचा सुरक्षित आहे, आणि त्याचं कारण हे सगळे नियम. त्यांची तक्रार एवढीच की या नियमांमुळे नवं काही घडत नाही. म्हणजे कारण आणि परिणाम त्यांना बरोबर दिसत होते. टिपणात मात्र ते उलटे मांडले गेले.

दुसरा युक्तिवाद नावीन्याचा. आमचं डिझाइन इतकं नवं आहे की बाहेरच्या संस्थेला ते समजावून सांगण्यातच वर्षं जातील, आणि त्यानं वेगवान नावीन्याचा गळा घोटला जाईल. स्पेसएक्स, ब्लू ओरिजिन, व्हर्जिन गॅलॅक्टिक या कंपन्याही आतल्या अनुभवी तज्ज्ञांवर विसंबतात, बाहेरच्यांना आधी शिकवत बसत नाहीत.

हा परिच्छेद मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण आपण सगळे तो वापरतो. प्रपोजल लिहिताना 'या पद्धतीवर आधी कुणी काम केलेलं नाही' हे वाक्य आपण दोन कामांना लावतो. एक, नावीन्य दाखवायला. दोन, तुलना का केली नाही हे झाकायला. पहिलं ठीक आहे. दुसरं चालणार नाही. पद्धत नवी असेल तर तुलनेची गरज वाढते.

तरी दावा तपासू. आतले तज्ज्ञ होते का? होते. कंपनीचे सागरी कामकाजाचे संचालक डेव्हिड लॉक्रिज यांनी जानेवारी २०१८ मध्ये पाणबुडीच्या तपासणीचा अहवाल दिला. त्यात कवचाची पुरेशी चाचणी झालेली नाही असं होतं, आणि पुढची काचेसारखी ॲक्रिलिकची खिडकी उत्पादकानं फक्त १,३०० मीटरसाठी प्रमाणित केलीय असंही होतं. त्यानंतर त्यांना कामावरून काढण्यात आलं. मार्च २०१८ मध्ये मरीन टेक्नॉलॉजी सोसायटीच्या मानवी पाणबुड्यांच्या समितीनं रश यांच्यासाठी पत्र तयार केलं. त्यावर क्षेत्रातल्या तीसहून जास्त लोकांची नावं होती आणि म्हणणं साधं होतं, या प्रायोगिक वाटेचे परिणाम गंभीर होऊ शकतात, निदान त्रयस्थ चाचणी करा. म्हणजे फेब्रुवारी २०१९ मध्ये 'आतल्या तज्ज्ञांवर विसंबतो' असं लिहिताना आतला तज्ज्ञ वर्षभरापूर्वी बाहेर गेलेला होता, आणि ज्यांना काही शिकवावं लागलं नसतं असे बाहेरचे तज्ज्ञ आपणहून दारात आले होते. रेफरीला हे सगळं कळलं असतं असं नाही. पण 'आतले तज्ज्ञ म्हणजे कोण, त्यांनी काय तपासलं, त्यांचा अहवाल कुठे आहे' एवढं विचारायला कुठलीही गुप्त माहिती लागत नाही.

आणि या टिपणाला खोटं ठरवणारं उदाहरण त्याच वेळी समुद्रात होतं! व्हिक्टर व्हेस्कोव्हो हा टेक्सासचा गुंतवणूकदार. त्यानं ट्रायटन कंपनीकडून 'लिमिटिंग फॅक्टर' नावाची दोन माणसांची पाणबुडी बांधून घेतली. ९० मिलिमीटर जाडीचा टायटेनियमचा गोळा. ती नवी होतीच. महासागराच्या अगदी तळापर्यंत पुन्हा पुन्हा जाऊ शकणारी माणसांची पाणबुडी त्याआधी नव्हती. १९६० मध्ये 'त्रिएस्त' एकदा गेली, २०१२ मध्ये जेम्स कॅमेरॉन एकदा गेला, आणि मग दोन्ही वाहनं तिथे परत गेली नाहीत. डिसेंबर २०१८ मध्येच लिमिटिंग फॅक्टर प्वेर्तो रिकोच्या गर्तेत ८,३०० मीटरच्या खाली जाऊन आली होती. २८ एप्रिल २०१९ ला ती चॅलेंजर डीपला, सुमारे १०,९२५ मीटरवर पोचली. आणि तिचं क्लासिंग झालं. डीएनव्हीचा माणूस स्वतः आत बसून तळापर्यंत गेला. टायटनला जायचं होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट खोलीवर.

म्हणून 'खासगी पाणबुड्या म्हणजे श्रीमंतांचे जीवघेणे खेळ' असा जो सरसकट सूर २०२३ मध्ये आपल्याकडेही लागला, तो मला मान्य नाही. पैसा खासगीच होता, छंदही श्रीमंताचाच होता, पण जहाजावर ॲलन जेमिसनसारखा गर्तांमधल्या जीवांचा अभ्यासक मुख्य शास्त्रज्ञ म्हणून होता. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ महाकाय स्क्विडचं खोल समुद्रातलं पहिलं चित्रीकरण झालं, तेही ट्रायटनची पाणबुडी वापरलेल्या मोहिमेत. (गंमत अशी की आजवर सगळ्यात खोल दिसलेला मासा, ८,३३६ मीटरवरचा स्नेलफिश, २०२२ मध्ये व्हेस्कोव्होच्याच जहाजावरून टिपला गेला, पण पाणबुडीतून नाही. दोरीशिवाय तळावर सोडलेल्या, आमिष लावलेल्या कॅमेऱ्यानं. माणूस खाली गेलाच पाहिजे का, हा वेगळा वाद आहे. त्यावर कधीतरी लिहीन.)

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते टिपणाचा खरा गाभा. टायटनमध्ये कवचाच्या तब्येतीवर क्षणाक्षणाला नजर ठेवणारी यंत्रणा आहे, असं त्यात अभिमानानं सांगितलंय. ध्वनी पकडणारे सेन्सर आणि स्ट्रेन गेज. काही बिघडू लागलं तर चालकाला आधीच कळेल आणि तो वर येईल.

यामागे खरं विज्ञान आहे. १९५० मध्ये जोसेफ कायझर या जर्मन संशोधकानं, तेही पीएचडीच्या प्रबंधात, दाखवलं की धातूवर एकदा भार दिला की तो आतून बारीक आवाज करतो, आणि पुन्हा तेवढाच भार दिला तर गप्प राहतो. आधीच्या कमाल भाराच्या पुढे गेलात की पुन्हा बोलू लागतो. याला कायझर परिणाम म्हणतात. टायटनच्या सुरुवातीच्या बुड्यांत कवच कडकड वाजायचं आणि कंपनीत त्याला 'सीझनिंग' म्हणत. बिडाचा तवा जसा वापरून वापरून तयार होतो, तसं कवच तयार होतंय, कमकुवत फायबर तेवढे तुटतायत, नंतर शांत होईल, असा तो समज. कायझर वाचलेल्या माणसाला हा समज सुचणं स्वाभाविक आहे.

पण कॉम्पोझिटमध्ये कायझर परिणाम बऱ्याचदा मोडतो. आधीच्या कमाल भाराच्या बऱ्याच अलीकडे आवाज सुरू झाले, तर आत नुकसान साचतंय असं समजतात. त्यासाठी फेलिसिटी गुणोत्तर नावाचं मापही आहे. आवाज पुन्हा सुरू होतानाचा भार भागिले आधीचा कमाल भार. ते एकाच्या खाली घसरू लागलं की सावध व्हायचं. म्हणजे 'आवाज कमी झाले' हे एकटं काही सांगत नाही. कोणत्या खोलीवर झाले, हे हवं.

त्याहून मोठा प्रश्न असा की धोक्याची घंटा किती आवाजाला वाजवायची? हा आकडा येतो कुठून? तो एकाच मार्गानं येतो. तसंच कवच, त्याच जाडीचं, त्याच पद्धतीनं बनवलेलं, मुद्दाम फुटेपर्यंत दाबायचं. एक नाही, अनेक. आणि फुटण्याआधी सेन्सर काय सांगत होते ते नोंदवायचं. शेवटचा आवाज आणि फुटणं यांत तास असतात की क्षण, हे त्याशिवाय कळत नाही. लॉक्रिज यांचा आक्षेप नेमका हाच होता. त्यांच्या न्यायालयीन कागदांत म्हटलंय की ही यंत्रणा बिघाड दाखवेल, पण बऱ्याचदा फुटण्याच्या काही मिलिसेकंद आधी. ओशनगेटकडे पूर्ण आकाराचं फोडून पाहिलेलं एकही कवच नव्हतं. लहान आकाराची मॉडेलं दाबटाकीत फुटली होती, पण त्यावरून खऱ्या कवचाचा इशारा-आकडा निघत नाही.

मॉनिटरिंग म्हणजे टेस्टिंग नव्हे. एका ओळीत सांगायचं तर माझा रेफरी रिपोर्ट एवढाच आहे. तापमापी लावली म्हणजे रुग्णाची तपासणी झाली असं होत नाही. त्यात ताप किती चढला की धोका, हे माहीत नसेल तर नाहीच.

आता नियम सोडू आणि पुढे जाऊ.

एप्रिल २०१९ मध्ये टायटनमधून कार्ल स्टॅन्ली हा पाहुणा खाली गेला. होंडुरासमध्ये स्वतः बांधलेल्या पाणबुडीतून लोकांना खोल नेणारा माणूस. त्यानं कडकडाट ऐकला आणि परतल्यावर रश यांना ईमेल लिहिली की हा आवाज कवचात एका जागी दोष असल्यासारखा वाटतो. थोड्याच आठवड्यांत कवचाला तडा सापडला आणि ते बाद झालं. हा माणूसही क्लासिंगवाल्या जगातला नव्हता, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं, पण आलेला आवाज त्यानं ऐकला. क्लासिंग केलं की सगळं आपोआप ठीक होतं असं मी म्हणत नाहीये, ते यासाठी.

दुसरं कवच बनवलं गेलं. एकेक इंचाचे पाच थर, प्रत्येक वेगळा भाजून घट्ट केलेला, सुरकुत्या आल्या तिथे घासून सपाट केलेला. २०२१ आणि २०२२ मध्ये ते टायटॅनिकपर्यंत गेलं. १५ जुलै २०२२, बुडी क्रमांक ८०. वर येताना मोठा धडाका ऐकू आला. कंपनीचं स्पष्टीकरण होतं की कवच बाहेरच्या चौकटीत जागेवर सरकलं, त्याचा तो आवाज. पाणबुडी पुन्हा खाली गेली.

ज्या यंत्रणेचा टिपणात इतका अभिमान होता, तिनं काम केलं होतं. ध्वनी सेन्सरनं धडाका नोंदवला. त्याहून महत्त्वाचं, त्यानंतरच्या बुड्यांत स्ट्रेन गेजचं वागणं बदललं. तीच खोली, तोच दाब, पण कवच आधीपेक्षा वेगळं आकसत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये निष्कर्ष दिला की ८० व्या बुडीनंतर कवचाचे थर सुटलेले होते, ८२ व्या बुडीनंतर आणखी नुकसान झालं होतं, आणि कंपनीचं या डेटाचं विश्लेषणच सदोष असल्यानं ८० नंतर पाणबुडी वापरातून काढायला हवी होती हे तिला कळलंच नाही. ८८ व्या बुडीत सुमारे ३,३०० मीटरच्या पुढे ती फुटली. मधला हिवाळा तिनं न्यूफाउंडलंडच्या गोठवणाऱ्या थंडीत उघड्यावर काढला होता.

ही जागा वाचताना मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गच्चीत गेले होते. कारण सांगते.

माझं काम पॉलिमर कॉम्पोझिटच्या थकव्यावर आहे. पट्टीसारखा नमुना, त्यावर स्ट्रेन गेज, हजारो वेळा भार द्यायचा आणि काढायचा. दुसऱ्या वर्षी एका नमुन्याची रेघ एका सकाळी वर सरकलेली दिसली. भार शून्य, पण गेज शून्य नाही. मी मनाशी म्हटलं, रात्री एसी बंद होता, तापमानामुळे झालं असेल, आणि टेअरचं बटण दाबलं. रेघ पुन्हा शून्यावर. नोंदवहीत काही लिहिलं नाही. तीन आठवड्यांनी सरांनी कच्चा डेटा मागितला. फाइल बघता बघता त्यांनी बोट ठेवलं, 'इथे शून्य कुणी केलं?' मी तापमानाचं सांगितलं. ते म्हणाले, 'असेल. तापमानाची नोंद दाखव.' नोंद नव्हती. नमुना कापून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर मधले दोन थर सुटलेले. गेज खरं बोलत होतं, मीच त्याला गप्प केलं होतं.

माझ्या नमुन्यात कुणी बसलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. चौकटीत कवच सरकलं आणि रात्री एसी बंद होता, ही दोन स्पष्टीकरणं एकाच जातीची आहेत. दोन्ही शक्य आहेत, दोन्ही तपासता आली असती, आणि दोन्ही न तपासता स्वीकारली गेली, कारण ती खरी असली तर काम थांबवावं लागत नव्हतं.

म्हणूनच जून २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या मार्क मन्रो यांच्या माहितीपटाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. पहा जरूर. कवचाचा कडकडाट प्रत्यक्ष ऐकल्यावर अंगावर काटा येतो, आणि लॉक्रिज यांचं बोलणं तर संशोधन-नीतीच्या तासाला दाखवावं असं आहे. पण सगळा भार रश या माणसावर आहे. त्याचा अहंकार, त्याचा राग, लोकांना कामावरून काढणं. ते खोटं नाही. ५ ऑगस्ट २०२५ च्या अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालानंही त्याच्यावर आणि कंपनीतल्या धाकाच्या वातावरणावर कडक शब्दांत बोट ठेवलंय, हा अपघात टाळता आला असता असं स्पष्ट म्हटलंय. पण प्रेक्षक म्हणून आपण सुटतो ना! मी काही असा अहंकारी नाही, मग हे माझ्याकडून होणार नाही. टेअरचं बटण दाबायला अहंकार लागत नाही. सकाळची घाई पुरते.

आणखी एक गोष्ट, 'संशोधन' या शब्दाची. टायटनमध्ये अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे भरून बसणाऱ्यांना प्रवासी म्हणत नसत, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणत. प्रवासी म्हटलं की प्रवासी जहाजांचे नियम लागू होतात. मोहिमेतले सहकारी म्हटलं की ते टाळता येतात, तटरक्षक दलाच्या अहवालातही हे आलंय. पुन्हा न्यायानं बोलायचं तर त्या बुड्यांतून थोडं खरं विज्ञानही निघालं. १९९० च्या दशकात नार्जोले यांना टायटॅनिकजवळ सोनारवर काहीतरी दिसलं होतं. २०२२ मध्ये टायटनमधून तिथे गेल्यावर सुमारे २,९०० मीटरवर ज्वालामुखी खडकांची एक रांग आणि तिच्यावर प्रवाळ, स्पंज, माशांची दाट वस्ती सापडली. ते निरीक्षण खरंच आहे. पण त्या निरीक्षणानं वाहन सुरक्षित ठरत नाही, आणि 'आम्ही विज्ञान करतो' हे वाक्य नियमातून सूट मागायला वापरलं जातंय का, हे विचारायची सवय ठेवा. पुढे कधी तुमचं नाव अशा एखाद्या मोहिमेच्या किंवा स्टार्टअपच्या माहितीपत्रकात 'वैज्ञानिक भागीदार' म्हणून छापलं जाईल. सही करण्याआधी चाचणीचे अहवाल मागा. नाही म्हणाले तर ते उत्तरही तुमच्याजवळ लेखी असू द्या.

सराव करायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी ते २०१९ चं टिपण एकट्यानं वाचा, पेन्सिल घेऊन, आणि प्रत्येक दाव्यासमोर 'हे खोटं ठरवायला कोणता डेटा लागेल' एवढंच लिहा. मग वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल घ्या आणि थेट ८० व्या बुडीच्या आलेखांवर जा. आलेखाखालचा मजकूर झाका आणि रेघ कुठे बदलली ते स्वतः शोधा. मला पहिल्यांदा सापडली नव्हती, दोन आलेख शेजारी ठेवल्यावर सापडली. माहितीपट सगळ्यात शेवटी.